वायरिंगच्या नकाशासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे : बडोद्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या पुष्कळ घरांची वायरिंग अजूनही खडूवर चालते. मालक बोट दाखवतो, वायरमन भिंतीवर चौकोन काढतो, हेल्पर झिरी मारतो. प्लास्टर झाले की खडू पुसला जातो आणि पाइप कुठून गेला हे फक्त त्या वायरमनच्या डोक्यात उरते. सहा महिन्यांनी मॉड्युलर किचनवाला भिंतीला ड्रिल लावतो तेव्हा किंमत कळते. नकाशा हवा तो यासाठी. आर्किटेक्टला दाखवायला, माल मोजायला आणि मंजुरीला तो लागतोच, पण पहिले कारण हेच.

हा लेख आयटीआय किंवा डिप्लोमा करून कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या, किंवा स्वतःची छोटी कामे घेऊ लागलेल्या मंडळींसाठी आहे. कुठले सॉफ्टवेअर 'सगळ्यात चांगले' हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्याकडे कोणाची फाइल येते, तुमच्याकडून कागद कोणाच्या हाती जातो आणि मधल्या काळात नकाशा किती वेळा बदलतो, या तीन गोष्टींवर निवड ठरते.

पायरी १ : कोणता नकाशा काढायचा आहे ते ठरवा

इलेक्ट्रिकल ड्रॉइंग म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

पहिला, लेआउट. घराच्या प्लॅनवर लाइट, पंखे, सॉकेट, स्विचबोर्ड, डीबी (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, जिथून सर्किटे निघतात) कुठे आहेत आणि कोणता स्विच कोणत्या पॉइंटला जातो ते दाखवणारा. हा मापातच हवा, कारण त्यावरून पाइप आणि वायरची लांबी निघते.

दुसरा, सिंगल लाइन डायग्राम. मीटर, मेन स्विच, आरसीसीबी (करंट गळला तर बंद होणारा स्विच), डीबी, त्यातून निघणारी सर्किटे, प्रत्येकाची वायर आणि एमसीबी (करंट जास्त झाला तर बंद होणारा स्विच). याला माप नसते, ए४ कागद पुरतो.

तिसरा, पॅनेलची स्किमॅटिक. काँटॅक्टर, रिले, टर्मिनल नंबर, वायर नंबर. मकरपुरा जीआयडीसीतल्या पॅनेल बनवणाऱ्यांचे हे रोजचे काम. घराच्या वायरिंगशी त्याचा संबंध नाही.

नव्या माणसाची सर्वात महाग चूक इथे होते. नावात 'इलेक्ट्रिकल' दिसले म्हणून तो ऑटोकॅड इलेक्ट्रिकल शिकायला जातो, क्लासची फी भरतो आणि तीन महिन्यांनी त्याला मोटर स्टार्टरची स्किमॅटिक येते, पण टू-बीएचके फ्लॅटचा लेआउट येत नाही. ते सॉफ्टवेअर तिसऱ्या प्रकारासाठी आहे. इप्लॅनचेही तसेच. तुमचे काम घरे, दुकाने आणि ऑफिसांचे असेल तर साधे द्विमितीय कॅड, म्हणजे संगणकावर नकाशा काढण्याचे सॉफ्टवेअर, शिका.

उलट चूकही होते. कोणी व्हिजिओत किंवा प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घराचा प्लॅन काढू पाहतो. सिंगल लाइनला ते चालेल. लेआउटला नको, कारण आर्किटेक्टच्या फाइलशी त्याचा मेळ बसवणे फार जिकिरीचे होते.

पायरी २ : तुमच्याकडे येणारी फाइल बघा

सॉफ्टवेअर उतरवण्याआधी गेल्या पाच-सहा कामांत प्लॅन कसा आला होता ते लिहून काढा. वासणा-भायली, गोत्रीकडच्या नव्या फ्लॅटांचे प्लॅन बहुधा डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या मूळ) फाइलमध्ये किंवा पीडीएफमध्ये येतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घराचे काम असेल तर प्लॅनच नसतो. टेप घेऊन तुम्हालाच मोजावा लागतो. या दोन कामांच्या गरजा वेगळ्या आहेत.

डीडब्ल्यूजी नियमित येत असेल तर ती नीट उघडणारे आणि नीट परत सेव्ह करणारे सॉफ्टवेअर हवे. या फॉरमॅटच्या आवृत्त्या असतात: २०००, २००४, २००७, २०१०, २०१३, २०१८. नवी आवृत्ती जुन्या सॉफ्टवेअरला उघडत नाही. आर्किटेक्टला सरळ सांगा, '२०१० किंवा २०१३ मध्ये सेव्ह करून पाठवा.' सेव्ह-ॲजमध्ये हा पर्याय असतो, त्यांना अर्धा मिनिट लागतो. तेवढेही जमत नसेल तर ओपन डिझाइन अलायन्सचा ओडीए फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो. तो डीडब्ल्यूजीची आवृत्ती बदलतो आणि डीएक्सएफही (वेगवेगळ्या कॅडमध्ये देवघेवीचा फॉरमॅट) करून देतो. ऑटोडेस्कचे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूही फुकट आहे. त्यात फाइल बघता, मोजता आणि आवृत्ती बदलता येते, काढता मात्र येत नाही.

पीडीएफच येत असेल तर डीडब्ल्यूजी मागून बघा, बरेच आर्किटेक्ट देतात. नाहीच मिळाली तर पीडीएफ खाली ठेवून, एखाद्या लिहिलेल्या मापावरून तिचा आकार बरोबर करून, भिंती पुन्हा काढणे हाच विश्वासाचा मार्ग.

पायरी ३ : उमेदवार

*लिब्रेकॅड.* फुकट, मुक्त परवान्याचे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारे. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही चांगले धावते. स्वतःची फाइल डीएक्सएफ. डीडब्ल्यूजी उघडण्याची सोय आहे पण अर्धवट. त्यावर धंदा उभा करू नका, आधी डीएक्सएफ करून घ्या. यात छपाईच्या मांडणीची वेगळी पाने (लेआउट शीट) नाहीत, बाहेरची फाइल जोडण्याची सोय नाही आणि ब्लॉकला, म्हणजे पुन्हा पुन्हा टाकायच्या तयार चिन्हाला, ॲट्रिब्यूट (माहितीची नोंद) जोडता येत नाहीत. शिकण्यासाठी, जुन्या घराच्या मोजणीसाठी आणि महिन्याला दोन-चार छोट्या कामांसाठी पुरेसे आहे.

*क्यूकॅड.* लिब्रेकॅड याच्याच जुन्या मुक्त आवृत्तीतून निघाले, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटेल. कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, तिला डीडब्ल्यूजी येत नाही. प्रोफेशनल आवृत्तीला येते, आणि तिची किंमत इतरांच्या मानाने फार कमी आहे. ज्याला डीडब्ल्यूजी लागते पण मोठा खर्च झेपत नाही, त्याने आधी हेच तपासावे.

*ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, प्रोजेकॅड.* हा ऑटोकॅडसारखा चालणाऱ्यांचा गट. मूळ फाइल डीडब्ल्यूजी, कमांड जवळपास त्याच, आणि एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय. तीन-चार वर्षे तेच काम करायचे असेल तर दरवर्षीच्या वर्गणीपेक्षा हा हिशेब बहुधा स्वस्त पडतो. अडचण दोन ठिकाणी येते: आर्किटेक्टने वापरलेले काही डायनॅमिक (आकार बदलता येणारे) ब्लॉक वेगळे वागतात, आणि दोन वर्षांनी नवी आवृत्ती हवी तर वेगळे पैसे पडतात.

*ड्राफ्टसाइट.* एके काळी हे फुकट होते. २०१९ पासून नाही. जुन्या व्हिडिओंत 'फ्री' म्हणून सांगितलेले असते, त्यावर जाऊ नका.

*ऑटोकॅड एलटी आणि पूर्ण ऑटोकॅड.* वर्गणीवर मिळतात; एलटी ही कमी सोयींची आवृत्ती. मोठ्या कन्सल्टंटकडून काम घेणार असाल तर एलटी हा सरळ मार्ग आहे, फाइलच्या तक्रारी जवळजवळ संपतात. घराच्या लेआउटला पूर्ण ऑटोकॅडची गरज क्वचितच पडते.

*क्यूइलेक्ट्रोटेक.* फुकट. स्किमॅटिक आणि सिंगल लाइनसाठी सुरेख: चिन्हांचा तयार संग्रह आहे, टायटल ब्लॉक आहे. पण हे ग्रिडवर चालते, खऱ्या मापावर नाही, म्हणून यात घराचा प्लॅन काढू नका. लिब्रेकॅडबरोबर हे ठेवले तर नव्या माणसाची फुकटातली जोडी पूर्ण होते.

*रेव्हिट.* पूर्ण इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करणारे. प्रकल्पावरचे बाकी सगळे त्यात काम करत असतील तरच. एकट्याने घेतले तर खर्च आणि शिकण्याचा वेळ दोन्ही वाया.

याशिवाय डायलक्स एव्हो. हे नकाशाचे सॉफ्टवेअर नव्हे, प्रकाशाचा हिशेब करणारे आहे, आणि फुकट आहे. क्लासरूम, दुकान, ऑफिस असेल तर लाइट किती आणि कुठे हे त्यात ठरवा, मग जागा कॅडमध्ये आणा.

पायरी ४ : पैसे भरण्याआधी एक फ्लॅट पूर्ण काढून बघा

या सगळ्यांच्या फुकट किंवा चाचणी आवृत्त्या मिळतात. क्यूकॅड प्रोफेशनलची चाचणी एका वेळी पंधरा मिनिटे चालते आणि मग पुन्हा सुरू करावी लागते, बाकींची ठरावीक दिवसांची असते. जाहिरातीतली यादी वाचून निवडू नका. हातातल्या एका खऱ्या कामाचा टू-बीएचके घ्या आणि तोच फ्लॅट दोन सॉफ्टवेअरमध्ये शेवटपर्यंत काढा. दोन-तीन संध्याकाळी लागतील. पुढचे टप्पे क्रमाने करा.

माप तपासा. फाइल उघडल्यावर बाहेरच्या भिंतीची जाडी मोजा. आकडा २३० आला तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, ९ आला तर इंचांत, ०.७५ आला तर फुटांत, ०.२३ आला तर मीटरमध्ये. मिलिमीटरमध्ये आणायला अनुक्रमे २५.४, ३०४.८ किंवा १००० ने स्केल करा. नंतर एखाद्या लांब बाजूचे माप आर्किटेक्टने लिहिलेल्या आकड्याशी ताडा. फक्त दारावर विसंबू नका, दारे प्रमाणाबाहेर काढलेली सापडतात. चिन्हाचा ब्लॉक टाकल्यावर तो सगळ्या फ्लॅटएवढा मोठा दिसला किंवा ठिपक्याएवढा झाला, तर कारण हेच: एका फाइलचे युनिट इंच, दुसरीचे मिलिमीटर, किंवा एकीला युनिटच दिलेले नाही. ऑटोकॅड घराण्यात इन्सयुनिट्स ही सेटिंग बघा. ४ म्हणजे मिलिमीटर, १ म्हणजे इंच.

प्लॅन फिका करा. आर्किटेक्टचे सगळे लेयर (नकाशाचे वेगवेगळे थर) करड्या रंगात, बारीक रेषेत घ्या आणि लॉक करा. फर्निचर दिसू द्या, कारण बेडच्या कोणत्या बाजूला सॉकेट हवे हे त्यावरूनच कळते; टाइल्सचे आणि भिंतीचे हॅच (आत भरलेल्या रेघा) बंद करा. छापल्यावर डोळा आधी वायरिंगवर गेला पाहिजे. रेषांची जाडी भिंतीला ०.१८, वायरिंगला ०.३५, चिन्हांना ०.५ मिलिमीटर ठेवली तर कागद वाचायला सोपा होतो.

प्लॅन बाहेरून जोडता येतो का ते बघा. आर्किटेक्ट एका घरात सहज तीन-चार वेळा प्लॅन बदलतो. एक्सरेफने जोडला असेल तर जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली की तुमची चिन्हे जागच्या जागी राहतात आणि काय सरकले ते लगेच दिसते. ही सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन चिकटवावा लागतो. मग प्रत्येक आवृत्तीचा लेयर वेगळा ठेवा, नावात तारीख घाला आणि जुना पुसू नका, बंद करा. आर्किटेक्टच्या फाइललाच दुसऱ्या फाइली जोडलेल्या असतील तर तुमच्याकडे नुसती नावे येतील, भिंती येणार नाहीत. 'ई-ट्रान्समिट करून पाठवा' (जोडलेल्या फाइली सोबत येतात) किंवा 'बाइंड करून पाठवा' (त्या एकाच फाइलमध्ये मिसळतात) असे सांगा.

चिन्हे स्वतः बनवा. साधारण पंधरा पुरतात: छताचा लाइट, भिंतीचा लाइट, ट्यूब, पंखा, एक्झॉस्ट, बेल, ६ ॲम्पिअर सॉकेट, १६ ॲम्पिअर सॉकेट, एसी पॉइंट, गीझर पॉइंट, स्विचबोर्ड, टू-वे स्विच, टीव्ही, डेटा, डीबी. चिन्हांसाठी आयएस १२०३२ आणि आयईसी ६०६१७ हे आधार आहेत, पण गावोगावी चिन्हे थोडी बदलतात. म्हणून प्रत्येक शीटवर खुणांची यादी हवीच. ब्लॉक बनवताना दोन गोष्टी पाळा. रेषा '०' लेयरवर काढा, म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेईल. आणि सॉकेटचा बेस पॉइंट (ब्लॉक टाकताना जिथे पकडला जातो तो बिंदू) त्याच्या पाठीवर, भिंतीला टेकणाऱ्या कडेवर ठेवा. मध्यभागी ठेवलात तर प्रत्येक सॉकेट अर्धे भिंतीत घुसेल आणि एकेक हाताने सरकवत बसाल.

चिन्हाचा आकार कागदावरून ठरतो. छापल्यावर सॉकेट ५ मिलिमीटरचे दिसायला हवे असेल आणि स्केल १:५० असेल, तर ब्लॉक २५० मिलिमीटरचा काढा. अक्षरे कागदावर २.५ मिलिमीटर हवीत तर १:५० ला १२५ आणि १:१०० ला २५० उंची द्या.

आता पॉइंट टाका. स्विचबोर्डपासून लाइटपर्यंतच्या रेषा वक्र काढा. सरळ काढल्या तर भिंतीत मिसळतात. डीबीकडे जाणाऱ्या रेषेला बाण आणि सर्किटचा नंबर द्या. उंची प्रत्येक बोर्डाजवळ लिहा, तयार फरशीपासून मिलिमीटरमध्ये: स्विचबोर्ड १३००, एसी पॉइंट २२००, अशी. 'नेहमीप्रमाणे' असे लिहून कारीगराला सांगता येत नाही. त्याचे 'नेहमीचे' वेगळे असते.

मग मुद्दाम बदल करा. मास्टर बेडरूमचे दार उलट्या बाजूने उघडते असे धरा. स्विचबोर्ड आता दाराच्या मागे गेला, ही वायरिंगमधली अगदी नेहमीची चूक. तो दुसऱ्या बाजूला न्या, त्याच्या रेषा, उंची, नंबर सगळे. किती क्लिक लागले, काय मागे राहिले, ते मोजा. एका सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत होते, दुसऱ्यात दहा. वर्षभरात असे शेकडो बदल कराल. निवडीत या एका चाचणीला आम्ही सर्वात जास्त वजन देतो.

शेवटी मोजणी. चिन्हे ब्लॉक म्हणून टाकली असतील तर संख्या सॉफ्टवेअरने द्यावी. ऑटोकॅड आणि एलटी, दोन्हींत २०२२ च्या आवृत्तीपासून काउंट ही कमांड आहे. ब्लॉकमधली माहिती तक्त्यात काढणारे डेटा एक्स्ट्रॅक्शन मात्र पूर्ण ऑटोकॅडमध्ये आहे, एलटीत नाही. लिब्रेकॅडमध्ये प्रकारागणिक वेगळा लेयर ठेवून, बाकीचे बंद करून हाताने मोजा. छोट्या घराला चालते. एक सापळा लक्षात ठेवा: कॉपी करताना चिन्हावर चिन्ह बसते, डोळ्याला एक दिसते आणि मोजणीत दोन येतात. ऑटोकॅडमधली ओव्हरकिल कमांड एकावर एक बसलेल्या वस्तू काढते.

जुन्या घराची वेगळी चाचणी

दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत खोल्या काटकोनात नसतात. चारही बाजू मोजून चौकोन काढलात तर शेवटची भिंत जुळणार नाही. प्रत्येक खोलीच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू काढा. तिच्या एका टोकावर बाजूच्या लांबीचे वर्तुळ, दुसऱ्या टोकावर कर्णाच्या लांबीचे वर्तुळ. दोन्ही छेदतात तो तिसरा कोपरा. चौथा कोपरा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्तुळांनी काढा. दुसरा कर्ण ताळ्यासाठी असतो. दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. इथे लिब्रेकॅड कोणाहून कमी नाही. भिंतीची जाडी खिडकीच्या चौकटीत मोजा आणि खरी काढा. जाड भिंतीतून पलीकडे जाणारा पाइप लांबीत मोजला नाही तर माल कमी पडतो.

पायरी ५ : अक्षरे

बडोद्यात ही पायरी वगळून चालत नाही. कागद तीन हातांत जातो: आर्किटेक्ट इंग्रजी वाचतो, वायरमन गुजराती, आणि घरमालक आपला असेल तर त्याला मराठी बरे वाटते. खुणांची यादी आणि सूचना निदान दोन लिपींत देता आल्या पाहिजेत.

ऑटोकॅडचे एसएचएक्स फाँट रेषांनी बनलेले असतात आणि त्यांत आपली लिपी नीट उमटत नाही. युनिकोड ट्रूटाइप फाँट निवडा: देवनागरीला मंगल किंवा निर्मला, गुजरातीला श्रुती किंवा निर्मला. चाचणीसाठी 'स्विचबोर्ड', 'रस्त्याकडील', 'દરવાજો' हे शब्द लिहा, पीडीएफ काढा आणि जोडाक्षरे, वेलांट्या जागेवर आहेत का बघा. पडद्यावर ठीक दिसून पीडीएफमध्ये तुटणे हा नेहमीचा प्रकार. लिब्रेकॅड स्वतःचे रेषांचे फाँट वापरते, तिथे जोडाक्षरांची आशा ठेवू नका. शीट इंग्रजीत काढा आणि मराठी-गुजराती सूचनांचा कागद वेगळा टाइप करून जोडा. एलएमजी अरुण किंवा तेराफाँटसारख्या जुन्या गुजराती फाँटात टाइप करून पाठवलेली फाइल, तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ दाखवते. असा मजकूर आला तर नव्याने टाइप करणेच बरे.

पायरी ६ : लोडचा तक्ता सॉफ्टवेअरबाहेर ठेवा

कॅड तुमच्यासाठी वायर निवडत नाही. तक्ता स्प्रेडशीटमध्ये करा आणि सर्किट नंबर नकाशाशी जुळवा. उदाहरण म्हणून टू-बीएचके: १२ एलईडी लाइट प्रत्येकी १० वॅट, ४ पंखे ७५ वॅटचे, ६ ॲम्पिअरचे १० सॉकेट प्रत्येकी १०० वॅट, १६ ॲम्पिअरचे ३ सॉकेट प्रत्येकी १००० वॅट, दोन एसी १८०० वॅटचे, एक गीझर २००० वॅट. बेरीज १०,०२० वॅट. हा जोडलेला भार. सगळे एका वेळी चालत नसल्याने मागणी याहून कमी असते.

लाइट, पंखे आणि छोटे सॉकेट मिळून २६ पॉइंट. एका लाइट सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, यांतले जे आधी येईल ते, ही रूढ मर्यादा. म्हणजे तीन सर्किटे. १६ ॲम्पिअरचे दोन सॉकेट एका सर्किटवर, म्हणजे दोन सर्किटे. एसीची दोन, गीझरचे एक. एकूण आठ. डीबी आठ-वेची घेतली तर पहिल्याच दिवशी भरली, बारा-वेची दाखवा. वायर लाइटला १.५, १६ ॲम्पिअरला २.५, एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटर ही घरातली सर्वसाधारण रीत, पण लांबी आणि एका पाइपातल्या वायरींची संख्या बघून तपासा. आयएस ७३२ च्या २०१९ च्या आवृत्तीत आणि २०२३ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये याचे नियम आहेत. तीन फेज पुरवठा असेल तर सर्किटांना आर१, वाय१, बी१ असे नंबर द्या, म्हणजे एका फेजवर दोन्ही एसी आल्याचे कागदावरच दिसते.

सिंगल लाइनवर आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरची दाखवा आणि अर्थिंगची जोडणी काढायला विसरू नका. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर विद्युत निरीक्षकाकडचे काम येते; तिथे सिंगल लाइन आणि लेआउट लागतात, आणि ते परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरच्या सहीनेच द्या.

पायरी ७ : छापून पट्टीने मोजा

दहा मीटर बाय आठ मीटरचा फ्लॅट १:५० ला २०० बाय १६० मिलिमीटर होतो. ए३ वर, म्हणजे ४२० बाय २९७ वर, खुणांच्या यादीसकट आरामात बसतो. पंधरा बाय बाराचा बंगला ३०० बाय २४० होतो, त्याला ए२ घ्या. साइटवर ए३ सोयीचा: कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात निघतो आणि घडी करून खिशात जातो.

शीटच्या कोपऱ्यात खऱ्या ५ मीटरची पट्टी काढून ठेवा. १:५० ला ती कागदावर बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. ९४ भरली तर दुकानदाराने 'फिट टू पेज' ठेवले आहे. 'ॲक्च्युअल साइज' करून पुन्हा काढायला सांगा. त्या कागदावर पट्टी ठेवून वायर मोजली तर प्रत्येक शंभर मीटरमागे सहा मीटर कमी पडेल. तुटक रेषा सलग दिसत असतील तर रेषेचा नमुना इंचांचा आणि नकाशा मिलिमीटरचा आहे. मेट्रिक लाइनटाइप फाइल लोड करा, किंवा एलटीस्केल (तुटक रेषांच्या नमुन्याचे माप) वाढवून बघा.

पायरी ८ : परवाना

विद्यार्थी परवान्यावर ऑटोकॅड फुकट मिळते, एक वर्षाचे, नूतनीकरण होणारे. ते शिकण्यासाठी आहे. त्यावर पैसे घेऊन केलेले काम परवान्याबाहेर जाते. कलाभवनात (विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेत) शिकत असाल तोवर त्यावर मनसोक्त सराव करा, पहिले बिल फाडायच्या आधी दुसरी सोय लावा.

पेनड्राइव्हवरून फिरणारे 'क्रॅक' ऑटोकॅड घेऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय कामाचाही आहे. नकाशांच्या फोल्डरमध्ये 'एसीएडीडॉक' नावाची, एलएसपी प्रकारची व्हायरसची फाइल लपून येते, ऑटोकॅड ती आपोआप चालवते आणि तुमच्या प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये तिची प्रत बसते. ती पुढे आर्किटेक्टकडे जाते. कोणाचा पेनड्राइव्ह आला की फक्त डीडब्ल्यूजी फाइली उचला, पूर्ण फोल्डर नाही.

विकत घेताना विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: परवाना कायमचा की वर्षाचा, दुसऱ्या संगणकावर हलवता येतो का, नव्या आवृत्तीचे किती, आणि दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वरून.

मग काय घ्यावे?

महिन्याला दोन-चार घरे आणि बहुतेक प्लॅन तुम्हीच मोजत असाल: लिब्रेकॅड आणि क्यूइलेक्ट्रोटेक, खर्च शून्य. डीडब्ल्यूजी अधूनमधून येत असेल: क्यूकॅड प्रोफेशनल. दर आठवड्याला आर्किटेक्टची फाइल येत-जात असेल: कायमच्या परवान्याचे डीडब्ल्यूजी सॉफ्टवेअर, वरच्या चाचणीत तुमच्या हाताला बसेल ते. कन्सल्टंट ऑटोकॅडचाच आग्रह धरत असेल आणि त्या कामाचे पैसे नियमित मिळत असतील: एलटी. घेण्यापूर्वी एक फाइल आर्किटेक्टला परत पाठवा आणि त्याच्या पडद्यावर काय दिसते त्याचा फोटो मागवा. चिन्हे, अक्षरे, लेयर जागेवर असतील तरच पैसे भरा.

काम संपताना

प्रत्येक बदलाला फाइलच्या नावात नंबर द्या, आर१, आर२, आणि टायटल ब्लॉकमध्ये तारीख व काय बदलले ते एका ओळीत लिहा. साइटवर जुना कागद राहिला तर कारीगर जुन्यावरच झिरी मारतो. नवा दिलात की जुना परत घ्या. फाइल बिघडली तर त्याच फोल्डरमधली बीएके फाइल दुसरीकडे कॉपी करून तिचे नाव डीडब्ल्यूजी करा, आधीच्या सेव्हपर्यंतचे काम परत मिळते.

प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो घ्या. पाइप नकाशापेक्षा वेगळा गेला असेल तर कोपऱ्यापासून आणि फरशीपासूनचे माप नकाशावर दुरुस्त करा. ती शेवटची आवृत्ती पीडीएफ करून मालकाला द्या, आणि सर्किटांची यादी ए४ वर छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, डीबीच्या दाराच्या आत चिकटवा.